पाटी, ओटा आणि ओवी

मोठ्या शहरांत हल्ली साहित्यिक फेऱ्या निघतात. सुट्टीच्या सकाळी दहा-वीस हौशी माणसं जमतात, पुढे एखादा जाणकार चालतो आणि जागोजागी थांबून सांगतो. मुंबईत काळ्या घोड्याशी थांबायचं. अरुण कोलटकर जिथे बसून समोरचा तिठा न्याहाळत, ते वेसाइड इन आता नाही. ‘काळा घोडा पोएम्स’ मात्र 2004 साली आलं आणि राहिलं. गिरणगावात जावं, तर नारायण सुर्व्यांच्या कवितेतला कामगार पुस्तकात भेटतो. त्याच्या गिरण्या 1982च्या संपानंतर एकेक करत मिटल्या आणि त्यांच्या जागी मॉल नि टॉवर आले. डब्लिनचे लोक 1954पासून 16 जूनला ‘युलिसिस’ची वाट चालतात. त्या कादंबरीतल्या ब्लूमचं एक्लिस स्ट्रीटवरचं घरही पाडलं गेलं. दार तेवढं जपून ठेवलंय आणि लोक ते दार बघून येतात.

शहराचं दुखणं यातून कळतं. पुस्तक शाबूत आहे, जागा गेली. गेलेली जागा पुस्तकाच्या आधाराने पुन्हा उभी करायची, म्हणून तिथे फेरी लागते.

आमच्या लातूरकडच्या रेणापुरात असं काही काढू म्हटलं, तर पिंपळफाट्यावर चहा पिणारा माणूस सरळ विचारील, “इथं कोण लेखक होऊन गेला?” त्याचं चुकत नाही. साहित्यिक फेरी म्हणजे लेखकाचं घर आणि घरावरची पाटी, असं आपणच धरून चाललोय. लंडनमध्ये अशा पाट्या 1867पासून लागतात. पण पाटीला पक्की भिंत लागते. अण्णाभाऊ साठे घाटकोपरच्या चिरागनगरात, झोपडपट्टीत राहून लिहीत होते. नुसत्या पाट्यांच्या मागे जाणारी फेरी तिथवर पोचेलच, असं नाही. म्हणजे पाटी लेखकाबरोबर त्याची ऐपतही मोजते.

मराठीने या कामाची सुरुवात मुळात पाटीने केलीच नाही. महानुभाव पंथाच्या चक्रधरस्वामींच्या मागे म्हाइंभटांनी त्यांच्या आठवणी, ज्यांनी स्वामींना पाहिलं-ऐकलं त्यांच्याकडे जाऊन विचारून घेतल्या आणि ‘लीळाचरित्र’ सिद्ध झालं. पुढे चौदाव्या शतकात ‘स्थानपोथी’ आली. स्वामी कोणत्या गावी उतरले, देऊळ कोणत्या तोंडाचं, बसले ती जागा त्याच्या कोणत्या बाजूला, हे त्यात गावागणिक लिहिलंय. महानुभावांनी अशा जागांवर ओटे बांधले आणि आजही तिथे नमस्काराला जातात. हातात पोथी, समोर ओटा, आणि दोन्हींचा मेळ घालणारा माणूस. डब्लिनच्या सहाशे वर्षं आधी आपल्याकडे हा प्रकार चालू होता. लेखकाचं घर कुठे, हे कुणी विचारत नव्हतं. लिहिलेलं घडलं कुठे, हे विचारत होते.

आता मराठवाड्याकडे बघा. इथलं दुखणं शहराच्या नेमकं उलट आहे. जागा उरली, पुस्तक गेलं. रेणापुरातून अंबाजोगाई एसटीने तासाभरावर. तिथे मुकुंदराजांची समाधी आहे, भाविक येतात, नारळ फोडतात. मुकुंदराजांचा ‘विवेकसिंधु’ उघडणारा त्यांत किती वेळा सापडेल? परंपरा हा ग्रंथ शके 1110चा, म्हणजे 1188चा मानते. काही अभ्यासक मात्र तो वैनगंगेकाठच्या आंभोऱ्याला रचला गेला, असं म्हणतात. चांगला वाटाड्या हा वाद लपवणार नाही. समाधीसमोर उभं राहून तो दोन्ही बाजू मांडेल, कारण ग्रंथातल्याच ओळींवरून भांडण होतं, तेव्हा ग्रंथ वाचायची गोडी लागते.

त्याच गावात दासोपंतांची पासोडी आहे. सुमारे चाळीस फूट लांब, चार फूट रुंद कापड, आणि त्यावर ‘पंचीकरण’ हा अख्खा ग्रंथ. ओव्यांच्या ओळी, मधे चौकटी, आकृत्या. पंचमहाभूतांचा हिशेब कापडावर मांडलेला. वाचायचा तर एका जागी बसून भागत नाही, वाचणाऱ्याला कडेकडेने सरकावं लागतं. दासोपंतांना रोज ढबू पैशाची शाई लागे, अशी आख्यायिका गावात सांगतात. आख्यायिका ठाऊक, समाधी ठाऊक. त्यांचा ‘गीतार्णव’ मात्र सवालाख ओव्यांचा, एवढ्या आकड्यावरच आपली ओळख थांबते.

ही फेरी एका भाषेतही मावणार नाही. राष्ट्रकूट स्वतःला लट्टलूरचे अधिपती म्हणवत. ते लट्टलूर म्हणजे आपलं लातूर, असं बहुतेक अभ्यासक मानतात. त्याच घराण्यातल्या अमोघवर्षाच्या काळी, नवव्या शतकात, ‘कविराजमार्ग’ हा कन्नडमधला सर्वांत जुना उपलब्ध ग्रंथ झाला. कावेरीपासून गोदावरीपर्यंतचा मुलूख तो कन्नडचा सांगतो. त्या मापाने रेणापूरही त्यात येतं. हे ऐकून कुणी रागावू नये. आपण किती भाषांच्या वाटेवर बसलोय, एवढंच यातून कळावं.

मग खुद्द रेणापुरात थांबायचं कुठे? रेणुकेच्या देवळापाशी, जिथे आराध्यांची गाणी आणि गोंधळ्याची कथा कुठल्याही छापखान्यात न जाता टिकली. आणि एखाद्या जुन्या वाड्याच्या ओसरीवर, कोपऱ्यात टेकवून ठेवलेल्या जात्यापाशी. गी पॉइटव्हॅ आणि हेमा राईरकर यांच्या पुढाकाराने महाराष्ट्रातल्या हजाराहून अधिक गावांतल्या लाखावर जात्यावरच्या ओव्या गोळा झाल्या. प्रत्येक ओवीपुढे गाणारणीचं आणि गावाचं नाव नोंदलं. बाईच्या नावाची पाटी कुठल्या भिंतीवर लागली नव्हती. तिची ओवी पत्त्यासकट नोंदली गेली. पीठ गिरणीतून यायला लागलं, तशी ओवी बंद पडली. आजही गावात साठी-सत्तरीच्या पुढच्या आज्या-मावश्या आहेत. त्यांना विचारायला उशीर करण्यासारखा काळ नाही.

शहरातल्या फेरीत वाचलेला माणूस मिळतो, तिथला माणूस हुडकावा लागतो. आपल्याकडे तिथली माणसं गावभर आहेत. उणीव आहे ती वाचणाऱ्याची. लातूर-अंबाजोगाईच्या महाविद्यालयांतले मराठीचे विभाग ही उणीव भरून काढू शकतात. बस, टोप्या, फ्लेक्स यांतलं काही लागत नाही. समाधीपाशी उभं राहून मूळ ओव्या मोठ्याने वाचणारा विद्यार्थी आणि त्याचा उच्चार सुधारणारी गावातली म्हातारी, एवढ्यावर फेरी निघते.

ती साधली की नाही, हे फोटो किती पडले यावरून ठरवू नये. पुढच्या आठवड्यात तालुक्याच्या वाचनालयात ‘विवेकसिंधु’ मागायला कुणी गेलं का, ते पाहावं. आणि गेलंच, तर पुस्तक कपाटात असायला हवं. फेरी काढणाऱ्याने आधी ती प्रत आणून ठेवावी, तारीख मग ठरवावी.