धूर, विस्तव आणि अँटीबॉडी

कोविडची लस घेतल्यानंतर रक्तात आढळणाऱ्या अँटीबॉडी, म्हणजे प्रतिपिंडे, हा संरक्षणाचा पुरावा धरावा का, हा प्रश्न वैद्यकाचा तेवढाच प्रमाणशास्त्राचा आहे. संरक्षण डोळ्यांना दिसत नाही. त्याचे अनुमान करावे लागते. न्यायदर्शनातले अनुमानाचे ठरलेले उदाहरण डोंगराचे: डोंगरावर धूर आहे, म्हणून तिथे विस्तव आहे. भाताच्या रोपांसाठी राब भाजतात तेव्हा कर्जत-खालापूरच्या गावांत हे अनुमान कोणीही करतो, न्यायशास्त्राचे नाव न ऐकता.

मात्र धुरावरून विस्तव ओळखता येतो, विस्तवावरून धूर नाही. नैयायिक इथे तापलेल्या लोखंडी गोळ्याचा दाखला देतात: अग्नी आहे, धूर नाही. धुराला ओले सरपण लागते. या अटीला ते उपाधी म्हणतात. लसीचेही तसेच. काही महिन्यांत प्रतिपिंडे ओसरतात, पण स्मृतिपेशी आणि टी-पेशी मागे राहतात, आणि गंभीर आजार टाळण्यात त्यांचा वाटा मोठा असतो. रात्री राखेखाली झाकलेले निखारे सकाळी फुंकर घातली की फुलतात. धूर नव्हता म्हणून चूल विझली होती असे नव्हे.

कधी धूर शोधण्याची जागाच चुकते. कोविशिल्ड ही लस शरीराला कोविडच्या विषाणूचे फक्त स्पाइक प्रथिन ओळखायला शिकवते. विषाणूच्या गाभ्यातल्या प्रथिनाविरुद्धची प्रतिपिंडे शोधणारी तपासणी केली, तर कोविशिल्ड घेतलेल्या पण कधी लागण न झालेल्या माणसाचा अहवाल ‘निगेटिव्ह’च यायचा. कोव्हॅक्सिन या लसीमध्ये आख्खा निष्क्रिय विषाणू असतो, त्यामुळे तिथे निकाल वेगळा येऊ शकतो. छापील आकड्याला घाबरण्याआधी तपासणी कोणत्या प्रथिनाविरुद्धच्या प्रतिपिंडांची, निदान एवढे तरी विचारावे.

उलट बाजू अधिक अवघड. आकडा मोठा, म्हणून लागण होणारच नाही, ही व्याप्ती, म्हणजे खूण आणि अनुमान यांचा अटळ संबंध, २०२१ च्या अखेरीस विषाणूच्या ओमायक्रॉन प्रकाराने मोडली. नैयायिकांच्या भाषेत हा व्यभिचार: हेतू (खूण) आहे, साध्य (जे सिद्ध करायचे ते) नाही. मोठ्या गटांत प्रतिपिंडे जास्त तिथे लागण कमी, असा संबंध आढळतो खरा. पण तो सरासरीचा नियम. महडच्या वरदविनायकाच्या रांगेतल्या एका भाविकाविषयी तो छातीठोकपणे काही सांगत नाही.

लसीमुळे मिळालेले संरक्षण जोखायला प्रतिपिंडांची तपासणी वापरू नये, असे अमेरिकेच्या औषध नियामक एफडीएने मे २०२१ मध्येच कळवले होते. भारतात १० जानेवारी २०२२ पासून लसीची तिसरी, म्हणजे दक्षता मात्रा सुरू झाली, तेव्हा दुसऱ्या मात्रेनंतर ९ महिने लोटलेले असावेत अशी अट होती. प्रतिपिंडांच्या आकड्याची अट नव्हती.