विसरलेल्याला खरं सांगावं का?

पाच व्रतांत सत्य दुसरं, अहिंसा पहिली. हा क्रम उगीच लावलेला नाही. घरात अल्झायमरचं माणूस असलं की तो रोज संध्याकाळी आठवतो.

पाणीगेटला आमच्या गल्लीत एक बा आहेत, ऐंशी ओलांडलेल्या. दिवस कलला की पिशवी घेऊन दाराशी येतात. “दरवाज्यापाशी माझी आई थांबलीय, मला जाऊ दे.” आईला जाऊन चाळीस वर्षं झाली. सुनेनं एकदा सरळ सांगून टाकलं, “बा, त्या गेल्या ना!” बांनी टाहो फोडला, आत्ताच निरोप आल्यासारखा. दुसऱ्या दिवशी पुन्हा तीच पिशवी.

सकाळचा चहा आठवत नाही आणि लहानपणची आई आठवते, म्हणजे ढोंगच, असं म्हणणाऱ्या बायका आहेत. ढोंग नाही हो ते. नवी आठवण रुजवणारा मेंदूतला भाग, हिप्पोकॅम्पस, या आजारात बहुधा लवकर पोखरला जातो. जुन्या आठवणी मेंदूच्या वरच्या थरात पसरून मुरलेल्या असतात, त्या मागाहून जातात. स्मृती नव्याकडून जुन्याकडे ओसरते, हे फ्रान्सच्या रिबोनं 1881 मध्येच मांडलं होतं. तत्त्वार्थसूत्रातल्या मतिज्ञानाच्या चार पायऱ्या आपण पाठशाळेत म्हटल्यात: अवग्रह, ईहा, अवाय, धारणा. बांची धारणा ढासळलीय. आईचं मरण नंतरचं, ते पुसलं गेलं. आई आधीची, ती राहिली. नवकार तर अजून एका दमात म्हणतात.

मग रोज खरं सांगणं म्हणजे रोज नव्यानं सुतक देणं. अमृतचंद्राचार्यांनी पुरुषार्थसिद्ध्युपायात शोक देणारं अप्रिय वचनही असत्यातच धरलंय. सून आता एवढंच विचारते, “बा, आई तुम्हाला काय करून घालायच्या?” बा पायरीवर बसून मेथीच्या खाखऱ्याचं सांगत राहतात. यात खोटं काय आहे? मला तरी दिसत नाही.

पण “येईल हं उद्या” म्हणत कडी लावून मोकळं होणं वेगळं. आणि “आईनं सांगितलंय, इथे अंगठा करा” हे तर त्याच गोड आवाजात बोलता येतं. ते बांच्या दुःखासाठी नसतं, घराच्या कागदासाठी असतं. कागदपत्रांचं काय ते आजार कळल्याबरोबर, त्यांना समजतंय तोवर, डॉक्टर आणि वकिलाला विचारून, लेकींनाही बोलावून उरकावं.