काहीच वाटत नाही त्या दिवशी

आजचं वचन : मत्तय 7:24-27



नोव्हेंबर 2018 पासून आमच्या डहाणू-तलासरी भागात भूकंपाचे धक्के सुरू झाले. धुंदलवाडीच्या बाजूला लोक घरं सोडून तंबूत झोपू लागले. 1 फेब्रुवारी 2019 ला तर एकाच दिवसात कितीतरी धक्के बसले. त्या दिवसांत मी कोसबाडला आजीकडे होतो. एका संध्याकाळी भांडी खणखणली, तसे आम्ही सगळे अंगणात धावलो. जरा शांत झाल्यावर आजीने तिथेच चटई टाकली आणि बायबल उघडलं.

"आजी, तू घाबरली नाहीस?"

"घाबरले ना रे! हात बघ माझे. पण प्रार्थनेची वेळ झाली ना?"

तिचे हात खरंच थरथरत होते.

त्या दिवसांत आमच्याकडे प्रार्थनेला जागा पुरत नसे. सगळे रडून प्रार्थना करत, मीसुद्धा. पुढे धक्के कमी झाले, तशी चटईवरची माणसंही कमी झाली. मीही मुंबईला नोकरीला आलो. मग एक काळ असा आला, की गीत गाताना डोळे भरून येईनात, वचन वाचताना काहीच होईना. वाटलं, संपला आपला विश्वास. उगाच नाटक कशाला करायचं? म्हणून मी प्रार्थनाच सोडली. जवळजवळ चार महिने.

शेवटी फोनवर आजीला सांगून टाकलं. ती रागावली नाही. म्हणाली, "चिकूला फळ नाही म्हणून वाडीचं पाणी बंद करतो का आपण? तू बस रोज. वाटो, न वाटो."

त्या रात्री मी आजचा उतारा पुन्हा वाचला. पाऊस, पूर आणि वारा दोन्ही घरांवर आला. विश्वासणाऱ्याच्या घराला वारा लागलाच नाही, असं प्रभू म्हणत नाही. आणि खडकावर घर कोणी बांधलं? ज्याला खूप भरून आलं त्याने नाही. ज्याने वचन ऐकलं आणि तसं केलं, त्याने. मी मात्र माझ्या भावनांनाच खडक समजून बसलो होतो. भीतीने आलेली प्रार्थना भीतीबरोबर गेली, यात नवल काय?

पंडिता रमाबाईंचं उदाहरण बघा. 1905 साली केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये मोठं संजीवन झालं. लोकांना ते आठवतं. पण बाई पुढे कित्येक वर्षं हिब्रू आणि ग्रीकमधून बायबल सोप्या मराठीत आणत बसल्या. रोज शब्दकोश उघडताना काही अंगावर शहारे येत नाहीत. 1921 मध्ये त्यांची एकुलती एक मुलगी मनोरमा वारली. त्या दुःखातही बाईंनी हातातलं काम सोडलं नाही. भाषांतर पूर्ण केलं, आणि 5 एप्रिल 1922 ला त्या प्रभूकडे गेल्या.

भावना वाईट नाहीत हं. त्या देवाचंच दान आहे. गेथशेमाने बागेत प्रभूचा जीवही कासावीस झाला होता. पण त्याने प्रार्थना सोडली नाही, आणि पित्याची इच्छा पूर्ण केली.

आज तुम्हाला आतून कोरडं वाटत असेल, तर स्वतःला ढोंगी म्हणू नका. लोकलमध्ये उभे असाल तरी एक स्तोत्र वाचा. ज्याच्याशी अबोला आहे, त्याला फोन करा. आपण त्याला धरून आहोत, त्याहून घट्ट त्याने आपल्याला धरलं आहे.

प्रार्थना : प्रभू, आज मला काही वाटत नाही, तरी मी आलो आहे. तुझं वचन ऐकून तसं करायला मला शिकव. माझं मन बदलतं, तू बदलत नाहीस, म्हणून तुझे आभार. येशूच्या नावात, आमेन.