कथा सांगणारा आणि ऐकणारा

आपल्या गुणांचें वर्णन आपणच करूं नये, असा आपल्या समाजांत एक जुना शिष्टसंकेत आहे. सुशिक्षित मध्यमवर्गांत तर तो इतका मुरलेला आहे कीं, स्वतःच्या पुस्तकाची भलावण करणारा ग्रंथकार दृष्टीस पडला म्हणजे आपल्या कपाळावर नकळत आठी उमटते. सरस्वतीच्या उपासकानें लक्ष्मीच्या दारीं जाऊन आपलें गांठोडें सोडून दाखवावें, हें आपणांस कसेंसेंच वाटतें. हा संकेत नीतीचा आहे कीं निव्वळ अभिरुचीचा, याचा विचार पटकथालेखकांच्या अलीकडील मेळाव्यांकडे पाहून करण्यासारखा आहे.

राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळानें २००७ सालीं गोव्यांत 'फिल्म बाजार' भरविण्यास प्रारंभ केला. नांवांत कसलाही आडपडदा नाहीं. तेथें लेखक-दिग्दर्शक देशोदेशींच्या निर्मात्यांपुढें आपल्या नियोजित चित्रपटाची कल्पना मोजक्या मिनिटांत मांडतात. या मांडणीस त्या व्यवसायांत 'पिच' म्हणतात. मुंबईच्या चित्रसृष्टींतील जुनी रीत 'नॅरेशन'ची. लेखकानें निर्मात्यासमोर बसावें आणि सबंध पटकथा संवादांसह, हावभावांसह दोन-दोन तास ऐकवावी. पिचमध्यें हेंच सारें आटून चार वाक्यांवर येतें. त्यानंतर प्रश्न येतात: खर्च किती, नट कोण, आणि ही कथा पूर्वीं चाललेल्या कोणत्या चित्रपटासारखी आहे? जी कथा नवी म्हणून सांगावयाची, ती कशासारखी तरी आहे असें सिद्ध केल्यावांचून तिला उभें राहावयास जागा नाहीं, हा यांतील पहिला विरोधाभास होय.

हा प्रकार पाहून कोणी म्हणेल, लेखकानें असल्या बाजारांत जावेंच कशाला? त्यानें लिहावें आणि स्वस्थ बसावें. गुण असेल तर जग शोधीत येईल. हें उत्तर कवीस शोभतें, पटकथालेखकास नाहीं. 'मालतीमाधवा'च्या प्रस्तावनेंत भवभूतीनें स्वतःची समजूत घातली ती अशी कीं, काळ अमर्याद आहे, पृथ्वी विशाल आहे. तेव्हां समानधर्मा रसिक आज ना उद्यां, येथें नाहीं तर अन्यत्र, भेटेलच. भवभूतीचें नाटक ताडपत्रावर पुरें होतें. तें वाट पाहूं शकत होतें. पटकथा मात्र घराच्या नकाशासारखी आहे. नकाशांत कोणी राहत नाहीं. छायालेखक, नट, ध्वनिलेखक आणि या सर्वांचा खर्च सोसणारा निर्माता मिळाल्यावांचून ती कृति जन्मासच येत नाहीं. म्हणून निर्मात्याच्या दारीं जाणें हा पटकथालेखकाचा लोभ नव्हे. तो त्याच्या कलेचाच एक भाग आहे. येथें आपल्या शिष्टसंकेतास नीतीचें बळ उरत नाहीं.

याचा अर्थ सांगणाऱ्यावर कांहींच बंधन नाहीं असा नव्हे. दोन तासांची कथा चार वाक्यांत आणणें हें असत्य नाहीं. न्यायाधीश, वैद्य आणि शिक्षक हे तिघेही रोज असा संक्षेप करीत असतात. असत्य सुरू होतें तें ऐकणाऱ्याचा चेहरा पाहून कथेचें हाड बदलण्यापासून. एका टेबलापाशीं जी विधवेच्या एकाकीपणाची कथा होती, ती दुसऱ्या टेबलापाशीं खुनाच्या रहस्याची झाली, तर त्या लेखकाजवळ विकावयास कथा नव्हतीच. होती ती केवळ गरज. संक्षेपांत काय गाळलें यापेक्षां काय गाळण्यास नकार दिला, हीच येथें प्रामाणिकपणाची कसोटी आहे.

परंतु सांगणाऱ्याच्या धर्माची चर्चा आपण पुष्कळ करतों. ऐकणाऱ्याच्या धर्माकडे मात्र लक्ष देत नाहीं. वास्तविक या विषयावरील सर्वांत मार्मिक गोष्ट आपल्याच भूमीची आहे. अकराव्या शतकांतील सोमदेवाच्या 'कथासरित्सागरा'ंत गुणाढ्याची कथा येते. सात लक्ष श्लोकांची बृहत्कथा त्यानें पैशाची भाषेंत, शाई नसल्यानें स्वतःच्या रक्तानें लिहिली आणि शिष्यांच्या हातीं प्रतिष्ठानच्या, म्हणजे आपल्या पैठणच्या, सातवाहन राजाकडे पाठविली. राजानें भाषा हलकी आणि लेखन रक्ताचें म्हणून ती झिडकारली. मग गुणाढ्यानें अग्निकुंड पेटविलें आणि एकेक पान वनांतील पशुपक्ष्यांना वाचून दाखवून तो जाळीत चालला. चरणें विसरून ऐकत राहिलेल्या त्या पशूंचें मांस सुकलें. तें खाऊन राजा आजारी पडला. आणि कारणाचा शोध घेत तो वनांत पोहोंचला, तेव्हां सातांपैकीं एकच लक्ष श्लोक उरले होते. राजानें कथा ऐकून नाकारली असती तर तो त्याचा अधिकार होता. न ऐकतांच नाकारली, हा त्याचा अपराध. आजचा निर्माताही 'ही भाषा चालत नाहीं' असें पहिल्या मिनिटास म्हणतो, तेव्हां तो सातवाहनाच्याच आसनावर बसलेला असतो.

याच्या उलट अपराधही आहे: ऐकणें, नाकारणें, आणि तरीही ठेवून घेणें. येथें कायदा फार थोडी सोबत करतो. आर. जी. आनंद यांचें 'हम हिंदुस्तानी' हें नाटक १९५४ सालीं दिल्लींत रंगभूमीवर आलें. चित्रपट काढण्याच्या बोलण्यांत तें त्यांनीं निर्माता-दिग्दर्शकास ऐकविलें, आणि १९५६ सालीं 'न्यू दिल्ली' हा प्रांतभेदाच्याच विषयावरचा चित्रपट प्रदर्शित झाला. आनंद यांनीं दावा लावला. १९७८ सालीं सर्वोच्च न्यायालयानें तो अखेरचा फेटाळला. कल्पनेवर, विषयावर स्वामित्वहक्क नसतो, तो मांडणीवर असतो, आणि चित्रपटाची मांडणी निराळी आहे, असा तो निर्णय होता. न्यायालयानें निर्दोष ठरविलेल्यांस मी दोषी म्हणत नाहीं. तत्त्व म्हणून हा निर्णय योग्यच आहे. प्रेम, वैर, प्रांताभिमान हे विषय एकाच्या मालकीचे झाले तर वाङ्मयच खुंटेल. २०१२ च्या दुरुस्तीनें लेखकांस मानधनाचा जो वाटा मिळाला, तोही चित्रपटांत समाविष्ट झालेल्या कृतीचा. नुसत्या सांगितलेल्या कल्पनेचा नव्हे.

कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयानें १९५६ सालीं याच प्रश्नाची दुसरी बाजू पाहिली. व्हिक्टर डेस्नी या लेखकानें गुहेंत अडकलेल्या एका मनुष्याची सत्यकथा बिली वाइल्डर या दिग्दर्शकाच्या चिटणीस बाईंना दूरध्वनीवरून सांगितली होती आणि ती वापरल्यास मोबदला द्यावा लागेल असें बजाविलें होतें. अशी अट जाणून कोणी कल्पना स्वीकारली तर तींतून कराराचें बंधन उपजूं शकतें, असें न्यायालय म्हणालें. मात्र सौदा ठरण्याआधींच जो कल्पना बोलून टाकील त्यानें दोष स्वतःलाच द्यावा, हेंही त्यानें सुनावलें. पण न पाहिलेल्या मालाचा सौदा कोण करील? केनेथ ॲरो या अर्थशास्त्रज्ञानें १९६२ सालीं हाच पेंच दाखविला: माहितीचें मोल कळावयास ती ऐकावी लागते, आणि ऐकली कीं ती फुकटच पदरीं पडते.

सारांश, 'एक गोष्ट सांगतों' आणि 'हा करार' यांच्यामध्यें एक उघडें मैदान आहे. तेथें कायद्याचा शिपाई नाहीं. असलीच तर ऐकणाऱ्याची सदसद्विवेकबुद्धि आहे. निर्मात्याची अडचणही खरी आहे. वर्षाकांठीं ढीगभर कथा ऐकणाऱ्यास एकीसारखी दुसरी भेटणारच, आणि जें ऐकलें तें कालांतरानें आपलेंच वाटूं लागणें हा स्मृतीचा स्वभाव आहे. परंतु ज्याचा व्यवसायच ऐकण्याचा आहे, त्याला विसरण्याची सबब इतरांइतकी स्वस्त नसावी. सराफानें तारण ठेवलेले दागिने कोणाचे हें विसरून कसें चालेल?

आपल्या शास्त्रकारांनीं मनुष्यावर तीन ऋणें सांगितलीं. त्यांपैकीं ऋषिऋण हें ऐकल्यानें चढणारें ऋण आहे. विद्या श्रवणानें आली, म्हणून तिचें देणें लागतें. कथेचेंही तसेंच समजावें. तें फेडण्यास निर्मात्यानें प्रत्येक कथा विकत घ्यावी असें नाहीं. शेवटपर्यंत ऐकावें, नकार द्यावयाचा तर महिनोन्महिने तिष्ठत न ठेवतां स्पष्ट द्यावा, आणि कल्पना कोणाकडून आली हें लिहून ठेवावें, इतकेंच पुरे. हीं तीन कामें करण्यास भांडवल लागत नाहीं. तीं होत नाहींत तेथें उद्यांचे लेखक आपली चांगली कथा घरीं ठेवून दुसरी घेऊन बाजारांत येऊं लागतील. आणि मग तेथें ऐकावयास कोणी आलें काय, न आलें काय, सारखेंच.