राखणदाराला निरोप

बलवानाशी केलेली मैत्री दुर्बळाला तारते की गिळते? करमाडच्या परिसरात हा प्रश्न केवळ पुस्तकी नाही. १७९५ साली खर्ड्याच्या लढाईत मराठ्यांनी निजामाचा पराभव केला, तेव्हा इंग्रज तटस्थ राहिले. तरीही १७९८ साली निजामाने त्यांचीच तैनाती फौज स्वीकारली आणि फ्रेंच अधिकाऱ्यांच्या हाताखालील आपल्या पलटणी मोडल्या. १८०० साली फौजेच्या खर्चासाठी मुलूख तोडून दिला. पुढे हैदराबाद कंटिंजंट ही आणखी एक फौज उभी राहिली. तिच्या थकबाकीपोटी १८५३ मध्ये वऱ्हाड इंग्रजांच्या हाती गेले. संरक्षण लाभले, हे नाकारता येत नाही. परंतु राखणदाराला निरोप देण्याचे बळ उरले नाही.

अमेरिका व युरोप यांना बांधणाऱ्या १९४९ च्या नाटो कराराकडे याच कसोटीने पाहावे. १९६६ साली फ्रान्सने अमेरिकन सैन्याला आपली भूमी सोडावयास सांगितले. पुढल्या वर्षी ते गेले. करार मात्र टिकला. एकावरील हल्ला तो सर्वांवरील हल्ला, हे पाचवे कलम आजवर एकदाच, २००१ साली, लागू झाले. तेही बलाढ्य अमेरिकेसाठी.

आज तेथे खर्चाच्या वाट्यावरून वाद आहे. वाटा मागणे अन्याय्य नव्हे. कुंपणाचा सारा भार शेजाऱ्यावर टाकणाऱ्याचा शब्द त्याच्याच शेतात चालेनासा होतो. मात्र दुर्बळाचा नकार बलवान मित्र ऐकतो काय, यावरच मैत्रीचे मोल ठरते.