छप्पर, ठेकेदार आणि आप्तवाक्य

छपराचे काम उन्हात होते आणि त्याची परीक्षा पावसात. मधल्या काळात पैसे चुकते झालेले असतात. ज्या भागांवर छप्पर टिकते ते काम संपताच झाकले जातात: कौलांखालच्या रिपा, गच्चीच्या कोब्याखालचे अस्तर, पत्रा आवळणाऱ्या हुकांचे वॉशर. घरमालक सहसा वर चढत नाही. चढला तरी 0.5 मिलिमीटरचा पत्रा कोणता आणि 0.4 मिलिमीटरचा कोणता हे त्याला नुसत्या डोळ्यांनी सांगता येत नाही. त्याला आपल्या छपराबद्दल जे काही ठाऊक असते ते बहुतेक ठेकेदाराच्या शब्दावरून. दुसऱ्याच्या शब्दावरून खरे ज्ञान होते का, आणि कोणाच्या शब्दावरून, हा भारतीय दर्शनांतला जुना वाद आहे. तो मुख्यतः वेदांच्या प्रामाण्यावरून झडला, पण त्यातल्या कसोट्या गवंड्याच्या बोलण्यालाही लावता येतात.

न्यायदर्शनात प्रत्यक्ष, अनुमान आणि उपमान यांच्यानंतर शब्द हे चौथे प्रमाण येते. गौतमाच्या सूत्रानुसार आप्ताचा उपदेश हे शब्दप्रमाण. आप्त कोणाला म्हणायचे, ते वात्स्यायनाने भाष्यात सांगितले आहे: ज्याने ती गोष्ट स्वतः साक्षात जाणली आहे आणि जशी जाणली तशीच ती दुसऱ्याला कळावी अशी ज्याची इच्छा आहे, तो. हे लक्षण ऋषी, आर्य आणि म्लेच्छ यांना सारखेच लागू पडते, असेही तो बजावतो. ठेकेदार आपल्या गावचा आहे, नात्यातला आहे किंवा देवळात रोज भेटतो, एवढ्याने तो आप्त ठरत नाही.

लबाड ठेकेदार म्हटला की यातली दुसरी अटच आठवते. पण छपरे पहिली अट मोडल्यानेही गळतात, आणि ती बाजू जास्त दुर्लक्षित आहे. छताला ओल जिथे दिसते तिथेच वरून पाणी शिरत असते असे नाही. गच्चीच्या कठड्यालगतच्या सांध्यातून शिरलेले पाणी कोब्याखालून उताराने वाहत जाऊन भलत्याच खोलीत ठिबकते. अशा वेळी खालूनच डाग पाहून ‘एक कोट मारला की झाले’ म्हणणारा माणूस कदाचित मनापासून बोलत असेल. तो खोटारडा नाही, पण आप्तही नाही, कारण जे पाहिलेले नाही ते तो सांगतो आहे. काम पोटठेकेदारावर सोपवून कधीच वर न गेलेल्या मुख्य ठेकेदाराची हमीही याच जातीची. म्हणून पहिला प्रश्न दराचा नसावा. पाणी कुठून येते आणि ते कशावरून कळले, हे आधी विचारावे. वर न चढता दर सांगणाऱ्याचा विचार तिथेच थांबवलेला बरा.

दुसरी अट, म्हणजे खरे सांगण्याची इच्छा, डोळ्यांना दिसत नाही. इथे मीमांसक आणि नैयायिक यांच्या वाटा फुटतात. मीमांसक कुमारिलाच्या मते ज्ञान स्वतःच प्रमाण असते. त्याला बाध येईपर्यंत किंवा त्याच्या कारणात दोष सापडेपर्यंत ते खरे धरून चालावे. नैयायिक म्हणतात, प्रामाण्य बाहेरून ठरते: दिसलेल्या पाण्याने तहान भागली म्हणजे ते पाणीच होते हे पक्के. रोजच्या व्यवहारात माणसे मीमांसकांसारखीच वागतात, नाहीतर रस्ता विचारणेही अशक्य होईल. छपराचा सौदा मात्र वेगळा आहे. बोलणाऱ्याचा फायदा ऐकणाऱ्याच्या विश्वासात गुंतलेला आहे, हे इथे आधीच माहीत असते. शब्दात दोष येतो तो वक्त्यामुळे, आणि वेदाला वक्ताच नाही म्हणून तो निर्दोष, असे मीमांसा मानते. त्या न्यायाने ठेकेदाराच्या शब्दावर शंका घेण्यास मीमांसकांचीही हरकत नसावी.

नैयायिकांची अडचण निराळी: कृतीच्या फळावरून प्रामाण्य ठरवायचे तर जुलै उजाडावा लागतो. त्यांच्याच शास्त्रात यावर तोड आहे. वेद प्रमाण का, तर आयुर्वेदाप्रमाणे, असे न्यायसूत्रे म्हणतात: औषधाचा गुण अनुभवाला येतो, आणि ताडून पाहता येणाऱ्या भागात जो आप्त ठरला त्याचा शब्द न दिसणाऱ्या भागातही मानावा. ठेकेदाराच्या बाबतीत ताडून पाहण्याजोगा भाग म्हणजे त्याची जुनी कामे. गेल्या महिन्यात झालेले काम काहीच सिद्ध करत नाही. दोन-तीन पावसाळे काढलेले छप्पर हवे. तेही त्याने दाखवलेले नको, कारण तो चांगलीच घरे दाखवणार. त्याच्या जुन्या कामांची यादी मागून त्यातले घर आपण निवडावे आणि तिथल्या माणसाला एवढेच विचारावे की गळले तेव्हा हा फोन उचलून आला का. छप्पर कधीच गळले नाही यापेक्षा या प्रश्नाचे उत्तर अधिक सांगून जाते.

आता मौनाचा प्रश्न. जो खोटे बोलत नाही, पण माहीत असलेला दोष सांगतही नाही, तो अप्रामाणिक का? सिसेरोने इ. स. पू. 44 मध्ये लिहिलेल्या ‘कर्तव्यांविषयी’ या ग्रंथात नेमके घराचेच उदाहरण घेतले आहे. घराची लाकडे खराब आहेत, ते कोसळण्याच्या बेतात आहे, आणि हे फक्त विकणाऱ्याला ठाऊक आहे. स्टोइक पंथातला डायोजिनीस म्हणतो, न सांगणे म्हणजे लपवणे नव्हे. त्याचा शिष्य अँटिपेटर म्हणतो, घेणाऱ्याला जाणूनबुजून चुकू देणे हा अपराधच. सिसेरोचा कौल अँटिपेटरला आहे. भारतीय करार अधिनियम, 1872 बराचसा डायोजिनीसच्या बाजूने उभा आहे: कलम 17 प्रमाणे, बोलणे हे कर्तव्य असल्याखेरीज किंवा मौन हेच बोलण्यासारखे असल्याखेरीज नुसते मौन म्हणजे कपट नव्हे. ग्राहक संरक्षण अधिनियम, 2019 मात्र संबंधित माहिती मुद्दाम दडवणे ही सेवेतली उणीव मानतो. जैन आचारधर्म याआधीच पुढे गेला होता. उमास्वातींच्या तत्त्वार्थसूत्रात अचौर्यव्रताच्या अतिचारांत, म्हणजे व्रताला बाध आणणाऱ्या दोषांत, खोटी मापे आणि अस्सलाच्या जागी नक्कल खपवणे ही दोन्ही येतात. ठरलेल्या जाडीऐवजी पातळ पत्रा ठोकणे ही त्या हिशेबाने चोरीच.

हे सगळे विवेक शाबूत असताना. 3 जून 2020 रोजी ‘निसर्ग’ वादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळले आणि ऐन पावसाच्या तोंडावर हजारो घरांवरची कौले, पत्रे उडाले. अशा वेळी दारात आलेल्या पहिल्या माणसाला आप्त मानण्याचा मोह होतो, आणि ‘आज बयाणा द्या, उद्या हा भाव राहणार नाही’ हे वाक्य त्या मोहासाठीच रचलेले असते. घाई ही इथे परिस्थिती आहे तशीच हत्यारही. ताडपत्री बांधून चार दिवस मिळवता आले तर तेवढ्यात दुसरा दर आणि एखादे जुने घर पाहून होते.

सगळे लिहून घेणे म्हणजे अविश्वास दाखवणे, असे पुष्कळांना वाटते. वास्तविक प्रामाणिक कारागिरालाच लेखाची गरज जास्त, कारण झाकलेले काम नीट केले हे सिद्ध करायला त्याच्याजवळ दुसरे काही नसते. मालाचा प्रकार आणि जाडी, कोब्याखालच्या थरांची छायाचित्रे, गच्चीवर एक-दोन दिवस पाणी तुंबवून पाहणे, कामाच्या टप्प्यांप्रमाणे पैसे आणि थोडी रक्कम पहिल्या पावसाळ्यानंतर: यात अपमान कसला? उलट मालकाचेही वागणे तपासावे. नुसत्या मालाच्या किमतीखाली दर पाडून घेणारा माणूस अर्धे खोटे स्वतःच विकत घेतो. त्या पैशात काम होणार नाही हे दोघांनाही ठाऊक असते आणि दोघेही गप्प असतात. दहा वर्षांच्या हमीचा कागदही असाच पाहावा: त्यावर केवळ मोबाइल क्रमांक असेल आणि पत्ता नसेल, तर हमी कोणाची हेच ठरत नाही. काम बिघडल्यावर ग्राहक आयोगाकडे दाद मागता येते, मात्र तक्रारीचे कारण घडल्यापासून सर्वसाधारणपणे दोन वर्षांच्या आत.