नावाचं पहिलं अक्षर

१९९१ साली मायक्रोसॉफ्टच्या एमएस-डॉस ५ मध्ये 'अनडिलीट' नावाची एक आज्ञा आली. चुकून उडवलेली फाईल ती परत आणून देई. मात्र त्याआधी वापरणाऱ्याला एक गमतीचा प्रश्न विचारी: या फाईलच्या नावाचं पहिलं अक्षर काय होतं? उरलेलं नाव, आकार, तारीख हे सगळं यंत्राला ठाऊक असे. विसर पडलेला असे तो तेवढ्या एका अक्षराचा. कारण डॉसमध्ये 'डिलीट' म्हणजे पुसणं नव्हतंच. यादीतल्या नावाचं पहिलं अक्षर खोडून तिथे खूण करायची आणि फाईलची जागा मोकळी म्हणून नोंदवायची, एवढाच तो विधी. दुसरी फाईल येऊन त्या जागेवर बसेपर्यंत मजकूर डिस्कवर तसाच पडून राही.

फाईल, फोल्डर, डिलीट हे शब्द संगणक शिकणाऱ्याला पहिल्या दोन-तीन दिवसांतच भेटतात. ते कचेरीतून उचललेले असल्यामुळे ओळखीचे वाटतात आणि कुणी फार विचार करत नाही. पण त्यांच्या पोटात आपल्याकडचा एक फार जुना वाद दडून बसला आहे: नावाचं आणि वस्तूचं नातं नेमकं कोणतं?

वेदवाक्यांचा अर्थ लावणारे मीमांसक म्हणत, हे नातं कुणी जुळवलेलं नाही. ते उपजत आहे, नित्य आहे. वेद अपौरुषेय, म्हणजे कुणीच न रचलेले, ठरवायचे तर त्यांना असं म्हणणं भागच होतं. तर्कशास्त्र मांडणाऱ्या नैयायिकांनी टोला हाणला: तसं असतं तर 'अन्न' म्हणताच तोंड भरलं असतं, 'अग्नी' म्हणताच जीभ भाजली असती, 'तलवार' म्हणताच ओठ चिरले असते. शब्दाला अर्थ चिकटतो तो संकेताने, लोकांनी तसं ठरवलं म्हणून. मीमांसेचे भाष्यकार शबरस्वामी यांनी हाच आक्षेप वस्तरा आणि मोदक घेऊन मांडला आणि उत्तरही दिलं: हे नातं स्पर्शाचं नाही, दाखवण्याचं आहे. मोदक म्हटल्याने तोंड भरत नाही, पण मोदकच आठवतो, करंजी नाही.

इंटरनेट मात्र नैयायिकांच्या बाजूने साक्ष देतं. सर्व्हरला आकड्यांचा आयपी पत्ता असतो आणि आपण टाइप करतो ते डोमेन हे त्याचं नाव. सुरुवातीला ही सगळी नावं आणि पत्ते एकाच फाईलीत होते. कॅलिफोर्नियातल्या स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटमध्ये एलिझाबेथ फाइनलर यांचा गट ती सांभाळी. ही वही आवरेनाशी झाली तेव्हा १९८३ मध्ये पॉल मोकापेट्रिस यांनी डीएनएस ही नावावरून पत्ता शोधणारी व्यवस्था आखली आणि वहीची पानं जगभर वाटली गेली. आता एखादं नाव सकाळी एका यंत्राकडे नेतं आणि दुपारी दुसऱ्याकडे. मालकाने नोंद बदलली की झालं.

युनिक्स याच्याही पुढे गेलं. बेल लॅब्जमध्ये केन थॉम्प्सन आणि डेनिस रिची यांनी १९६९ पासून घडवलेल्या या प्रणालीत फाईलच्या आत तिचं नावच नसतं. फाईलला असतो एक क्रमांक. नाव लिहिलेलं असतं डिरेक्टरीत, त्या क्रमांकाशेजारी. एकाच फाईलला दहा नावं देता येतात आणि त्यांतलं कुठलंच दुसऱ्यापेक्षा जास्त खरं नसतं. विठ्ठल, पांडुरंग, पंढरीनाथ म्हणणाऱ्यांना याचं नवल वाटू नये. पुसण्याच्या आज्ञेचं आतलं नावही प्रामाणिक आहे: 'अनलिंक', म्हणजे दुवा तोड. शेवटचं नाव गेलं तरी एखादा प्रोग्राम ती फाईल उघडून बसला असेल, तर ती निनावी जगत राहते. प्रोग्रामने हात सोडला की संपली.

वारकऱ्याला मात्र हे अर्धंच पटेल. नामदेवांच्या परंपरेत नाम ही देवाकडे बोट दाखवणारी पाटी नव्हे. नाम हाच देव. असं वस्तूपासून वेगळं न होणारं नाव संगणकात असू शकतं?

जवळपास असू शकतं. लिनस टॉरव्हॉल्ड्स यांनी २००५ मध्ये लिहिलेल्या गिट या, फायलींच्या आवृत्त्या सांभाळणाऱ्या प्रोग्रामच्या आतल्या कोठारात मजकुराचं बारसं कुणी करत नाही. तो 'शा-१' या गणितातून काढला की चाळीस अक्षर-आकड्यांची ओळ निघते, तीच त्याची ओळख. एक स्वल्पविराम हलवला तरी ओळ बदलते. तोच मजकूर पुण्यात असो की पणजीत, ओळ तीच. मीमांसकांनी इथे पेढे वाटले असते.

वाटलेले पेढे परत घ्यावे लागले असते, इतकंच. फेब्रुवारी २०१७ मध्ये गूगल आणि ॲमस्टरडॅमची सीडब्ल्यूआय ही संस्था यांच्या संशोधकांनी दोन वेगवेगळ्या पीडीएफ फायली जगापुढे ठेवल्या. दोन्हींची शा-१ ओळ एकच होती. शिवाय कोणतं गणित वापरायचं हे शेवटी माणसांनीच ठरवलेलं. एवढ्यावरून निकाल द्यायचाच, तर तो नैयायिकांच्या बाजूने द्यावा लागेल.

पण हा वाद पंडितांपुरता राहत नाही. 'डिलीट' या शब्दावर विश्वास ठेवून माणसं जुनी यंत्रं विकतात. आजच्या बहुतेक स्मार्टफोनमध्ये मजकूर कुलूपबंद लिपीत साठवलेला असतो आणि फॅक्टरी रीसेट करताना त्याची किल्लीच नष्ट केली जाते. चिपवर काही उरलं तरी ते वाचता येत नाही. जुन्या फिरत्या हार्ड डिस्कवर सहसा अशी किल्ली नसते. तिच्यावरची फाईल उडवली, रीसायकल बिनही रिकामी केली, तरी बँकेची कागदपत्रं आणि घरचे फोटो साध्या रिकव्हरी सॉफ्टवेअरने वर येऊ शकतात. ती डिस्क भंगारवाल्याच्या हाती देण्याआधी संपूर्ण डिस्कवर एकदा नव्याने काहीतरी लिहून घ्यावं, किंवा सरळ हातोडीने फोडावी.